अ‍ॅम्पची अदलाबदल करायची की नाही: आधी काय, मग काय

"माझा गिटारचा १५ वॉटचा ट्यूब अ‍ॅम्प आहे. एक जण ४० वॉटचा देऊन राहिला, वर दहा हजार मागतो. करू का?" असा फोन मला महिन्यातून एखादा तरी येतोच. (अ‍ॅम्प म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी. ट्यूब अ‍ॅम्पमध्ये ते काम काचेच्या ट्यूब करतात.) मी विचारतो, तुझ्या अ‍ॅम्पबद्दल तक्रार काय आहे? पलीकडे शांतता. मग उत्तर येतं, "तक्रार अशी नाही भाऊ, पण त्याचा आवाज ऐकायला पाहिजे न तुम्ही..."

घोळ इथेच होतो. लोक आधी समोरच्या अ‍ॅम्पवर भाळतात, मग तो वाजवून येतात आणि घरी परतताना ऑटोत बसून स्वतःच्या अ‍ॅम्पमधले दोष शोधू लागतात. दोष सापडतातच. शोधायलाच बसलं की कुठल्याही अ‍ॅम्पमध्ये सापडतात.

मी स्वतः हेच केलंय. नागपुरात हिंगणा रोडकडच्या एका मोठ्या टिनाच्या शेडमध्ये ४० वॉटचा ट्यूब कॉम्बो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) ऐकला, अंगावर काटा आला, त्याच रात्री माझा १५ वॉटचा देऊन तो उचलून आणला. आणला त्रिमूर्तीनगरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. तिथे त्याचं व्हॉल्यूमचं बटण दीडच्या पुढे कधी गेलंच नाही. दीडवर तो गोधडीखालून बोलल्यासारखा वाजायचा, आणि दोनवर नेला की शेजारच्या काकू दारात: "बेटा, आमच्या शोकेसमधले कप वाजून राहिले न." आठ महिने तो अ‍ॅम्प मुख्यत्वे ओले टॉवेल टाकायच्या कामी आला. जुना परत मागायला गेलो, तोवर तो दोन हात पुढे गेला होता.

म्हणून खालचा क्रम. कुठल्याही टप्प्यावर "नको" असं उत्तर आलं तर तिथेच थांबा, पुढचं करायची गरज नाही. पहिले तीन टप्पे समोरचा अ‍ॅम्प पाहायच्या आधीचे आहेत. तेच सगळे जण गाळतात.

## टप्पा १: तक्रार कागदावर लिहा

कागदावरच लिहा. मोबाइलमध्ये लिहिलेलं नंतर सोयीने बदलता येतं. एकच ओळ: कुठे, किती आवाजात, कोणत्या गिटारवर, काय खटकतं.

"टोन नाही" ही तक्रार नव्हे. "रात्री हळू वाजवताना जाड तारा गुरगुरतात आणि बारीक तारा हरवतात" ही तक्रार आहे. "ड्रमर वाजवायला लागला की माझा क्लीन आवाज फाटतो" हीसुद्धा आहे. "तिसऱ्या मजल्यावर २० किलो चढवताना कंबर धरते" ही तर फारच प्रामाणिक तक्रार, आणि माझ्या मते अदलाबदलीचं सगळ्यात भक्कम कारण.

आता ती ओळ पाहून ठरवा, दोष खरंच अ‍ॅम्पचा आहे का. वजन, वॉट, हेडफोनची सोय, दोन चॅनेल, इफेक्ट्स लूप (बाहेरचे इफेक्ट जोडायची सोय) या गोष्टी अ‍ॅम्प बदलल्याशिवाय मिळत नाहीत. आवाज बोथट वाटणं, घरघर येणं, "पंच नाही" वाटणं यातलं बरंचसं मात्र तारा, केबल, घराची वायरिंग आणि अ‍ॅम्प ठेवायची जागा यांच्यावर जातं.

तपासा: ओळ लिहिता येत नसेल तर तुम्हाला अ‍ॅम्प बदलायचा नाहीये, नवीन काहीतरी हवंय. त्यात वाईट काही नाही, पण त्यासाठी हातातला चालू अ‍ॅम्प देऊ नका.

## टप्पा २: आहे त्या अ‍ॅम्पला आधी नीट वागवा

स्वस्तातून महागाकडे जा.

तारा आणि केबल. एप्रिल-मे मध्ये नागपुरात घामाने तारा महिन्याभरात मरतात. नव्या तारा चढवून दोन दिवस वाजवा. मग केबल. लांब केबल वरचे सूर खाते, कारण तिच्यातली कपॅसिटन्स (वीज धरून ठेवायचा गुण) लांबीसोबत वाढत जाते. १० मीटरची काढून ३ मीटरची लावून पाहा, फरक लगेच कानाला लागतो.

जागा. हा एक उपाय मी सांगितला आणि किमान तीन अदलाबदली रद्द झाल्या. अ‍ॅम्प जमिनीवर कोपऱ्यात असतो. जमीन आणि दोन भिंती मिळून खालचे सूर फुगवतात. १२ इंची स्पीकर वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ समोर फेकतो, आणि तुम्ही उभे असता अ‍ॅम्पला लागून, म्हणजे तो झोत तुमच्या गुडघ्यांवर. कान ऐकतात फक्त गुरगुर. अ‍ॅम्प कोपऱ्यातून हात-दीड हात पुढे ओढा, भक्कम खुर्चीवर किंवा लोखंडी स्टुलावर ठेवा, मागे थोडा कलता करा. मग वाजवा.

बटणं. सगळी बटणं मध्यावर ठेवली की आवाज "सपाट" मिळतो हा गैरसमज आहे. फेंडर आणि मार्शल या कंपन्यांच्या धाटणीच्या ट्रेबल-मिडल-बास सर्किटमध्ये तिन्ही बटणं मध्यावर असताना मधले सूर दबलेलेच असतात. मिडल आठवर, बास तीनवर नेऊन पाहा. बँडमध्ये ऐकू न येणारे निम्मे गिटारवाले इथे बरे होतात.

घरघर. गिटारची केबल अ‍ॅम्पमधून काढा. घरघर थांबली तर ती गिटारमधून किंवा खोलीतून येत होती, अ‍ॅम्प निर्दोष आहे. मग एकेक गोष्ट बंद करा: कूलर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, स्वस्त एलईडी, लॅपटॉपचा चार्जर. सिंगल कॉइल पिकअपची (आसपासची घरघरही पकडणाऱ्या, एकाच गुंडाळीच्या पिकअपची) गिटार घेऊन फिरत्या कूलरशेजारी बसायचं आणि अ‍ॅम्पला नावं ठेवायची, हे आपल्याकडे दर उन्हाळ्यात चालतं. केबल काढूनही घरघर राहिली तर दोष अ‍ॅम्पचा. कागदावर नोंदवा.

खरखर. बटण फिरवताना खरखरत असेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर पुरतो. पण ट्यूब अ‍ॅम्पची पेटी त्यासाठी स्वतः उघडू नका.

सावधान: ट्यूब अ‍ॅम्पमधले फिल्टर कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) प्लग काढल्यावरही शेकडो व्होल्ट धरून ठेवू शकतात. "बंद आहे न" म्हणून आत हात घालणं जिवावर बेततं.

स्पीकर. एवढं करूनही आवाज कर्कश किंवा कोंदट असेल तर अख्खा अ‍ॅम्प बदलण्याआधी नुसता स्पीकर बदलायचा विचार करा. ओहम तेवढेच ठेवा आणि वॉटक्षमता अ‍ॅम्पपेक्षा जास्त असू द्या. स्पीकर बदलल्याने आवाजाचा स्वभाव बदलतो, आणि कधीकधी जोरही. सेलेस्टियन कंपनीच्या जी१२एम ग्रीनबॅक स्पीकरची संवेदनशीलता (एक वॉटवर, एक मीटरवर किती आवाज देतो ते) ९८ डेसिबल आहे, व्हिंटेज ३० ची १००. हे दोन डेसिबल म्हणजे अ‍ॅम्पची ताकद दीडपटीहून थोडी जास्त वाढवल्यासारखं आहे.

## टप्पा ३: वॉटचा हिशेब कागदावर करा, छातीत नाही

४० वॉट म्हणजे १५ वॉटच्या अडीचपट मोठा आवाज, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. ताकद दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. १५ वरून ४० वर गेलात तर फरक जेमतेम सव्वाचार डेसिबल. आवाज वाढल्याचं कळतं, पण दुप्पट नाही.

दुसरी बाजू घरची. ९७ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर १ वॉटवर, १ मीटरवर ९७ डेसिबल देतो. अर्ध्या वॉटवर ९४. १५ वॉटवर १०९ च्या आसपास. आणि २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आहे, रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५. म्हणजे मनीषनगरच्या फ्लॅटसाठी तुमचा १५ वॉटचाच खूप जास्त आहे. ४० वॉटच्या ट्यूब अ‍ॅम्पची मजा त्याची पॉवर ट्यूब (स्पीकरला ताकद देणारी मोठी ट्यूब) जोरात राबते तेव्हा येते. तो जोर घरात कधीच देता येणार नाही.

मग मोठा अ‍ॅम्प कुणाला हवा? जो जोरकस ड्रमरसोबत माइक न लावता वाजवतो आणि ज्याला आवाज स्वच्छ, न फाटता हवा आहे, त्याला. नागपूरच्या देशपांडे सभागृहात किंवा सायंटिफिक सभागृहात वाजवताना तुमच्या अ‍ॅम्पसमोर माइक लागतोच आणि लोकांपर्यंत आवाज साउंडवाल्याचे स्पीकर नेतात. तिथे १५ वॉट पुरून उरतात. गणपतीतल्या स्टेजचंही तेच.

घरातच वाजवणाऱ्याने उलट दिशेने पाहावं. बॉस कटाना ५० मार्क २ सारख्या अ‍ॅम्पला अर्ध्या वॉटची सोय आहे, हेडफोन लावता येतात, ट्यूब बदलायच्या नसतात. ट्यूबवाले नाक मुरडतील. मुरडू द्या, रात्री अकराला ते तुमच्या घरी वाजवायला येणार नाहीत.

तपासा: गेल्या तीन महिन्यांत घरी किती तास वाजवलं, बँडसोबत किती, स्टेजवर किती? आकडे लिहा. जिथे तास जास्त, त्या जागेसाठी अ‍ॅम्प निवडा. आपण सगळेच महिन्यातल्या ६० तासांसाठी नव्हे, वर्षातल्या दोन तासांसाठी अ‍ॅम्प घेतो.

## टप्पा ४: मागची पाटी वाचा

आता समोरच्या अ‍ॅम्पकडे वळा, पण आवाजाआधी पाटी. फोनवरच मागच्या पाटीचा फोटो मागवा.

आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिकेहून कुणाच्या मामाने आणलेला अ‍ॅम्प १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा असतो, जपानचा १०० व्होल्टचा. पिनेचा अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्ट नाही. असा अ‍ॅम्प थेट लावला तर नशीब चांगलं असल्यास फ्यूज उडतो.

१२० व्होल्टचा अ‍ॅम्प घ्यायचाच असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. पाटीवर लिहिलेल्या वॉटच्या किमान दीडपट क्षमतेचा आणि अर्थिंगची तिसरी पिन आरपार नेणारा घ्या. त्याची किंमत आणि त्याचं वजन दोन्ही हिशेबात धरा. आणखी एक बारीक गोष्ट: फक्त ६० हर्ट्झसाठी बनलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापतो. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना हे "जास्त" परवडत नाही. पाटीवर ५०/६० हर्ट्झ लिहिलेलं असेल तर ही चिंता नाही.

काही अ‍ॅम्पमध्ये व्होल्ट बदलायची सोय असते. ते काम जाणकाराकडून करून घ्या, आणि सोबत फ्यूजही बदलून घ्या. १२० वरून २३० वर जाताना फ्यूजचा आकडा साधारण निम्मा होतो.

अर्थिंग. महाल-इतवारीतल्या जुन्या घरांत भिंतीत तीन भोकांचं सॉकेट असतं, पण कित्येकदा तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. अ‍ॅम्प सुरू असताना गिटारच्या तारांना टेस्टर लावा. पेटला तर वाजवणं थांबवा आणि इलेक्ट्रिशियन बोलवा. गाणाऱ्यांनी तर हे हमखास करावं: हात तारांवर, ओठ माइकला, आणि दोघांची अर्थिंग वेगळी, अशा वेळी बसणारा झटका विसरता येत नाही. घरघर घालवायला अर्थिंगची पिन कापणारे महाभाग आहेत. समोरच्याच्या अ‍ॅम्पची पिन कापलेली दिसली तर त्याने आत आणखी काय काय केलं असेल याचा अंदाज बांधा.

## टप्पा ५: दोन्ही शेजारी, आवाज सारखा, जागा तुमची

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

जो अ‍ॅम्प थोडा मोठ्याने वाजतो तोच चांगला वाटतो. हा तुमच्या कानाचा दोष नाही, माणसाचे कान असेच आहेत. हळू आवाजात आपल्याला खालचे सूर आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. आवाज वाढला की ते भरून निघतात. बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये याचे आलेखच काढून दाखवले. दुकानदारांना हे आलेख न वाचताच माहीत असतं. विकायच्या अ‍ॅम्पचं बटण अर्धा काटा पुढे असतं.

म्हणून असं करा:

१. दोन्ही अ‍ॅम्प तुमच्या घरी, नेहमीच्या जागी आणा. "तुझा दोन रात्री माझ्याकडे ठेवू का" असं स्पष्ट विचारा. नागपुरात गिटारवाल्यांचं वर्तुळ लहान आहे, मध्ये कुणीतरी ओळखीचा निघतोच. समोरचा बिलकुल तयार नसेल तर किमान तुमचा अ‍ॅम्प, तुमची गिटार आणि केबल घेऊन त्याच्याकडे जा.

२. दोन्ही सारख्या उंचीवर, शेजारी शेजारी ठेवा. एकदा ऐकून झालं की जागा अदलून पुन्हा ऐका. कोपऱ्यातला नेहमी भारदस्त वाटतो.

३. २० मिनिटं तापू द्या. ट्यूब असो वा नसो.

४. पेडल (पायाने चालवायचे, आवाज बदलणारे डबे) सगळे काढा. एकच ठेवा: लूपर, म्हणजे वाजवलेलं भरून पुन्हा पुन्हा ऐकवणारा. त्यात अर्धा मिनिट वाजवून भरा, एक कॉर्ड, एक जाड तारांवरची ओळ, एक वरची. आता तोच तुकडा दोन्ही अ‍ॅम्पमध्ये सोडता येतो. तुमचा हात मध्ये येत नाही. नाहीतर आवडलेल्या अ‍ॅम्पवर माणूस नकळत जास्त चांगलं वाजवतो.

५. मोबाइलवर डेसिबल मोजायचं अ‍ॅप घ्या. त्याचा आकडा खरा असेलच असं नाही, पण दोन अ‍ॅम्पची तुलना करायला पुरतो. फोन खुर्चीवर तुमच्या कानाच्या उंचीला ठेवा, हलवू नका. लूप सोडून दोन्हींचे आकडे जुळवा. एका डेसिबलचाही फरक ठेवू नका.

६. मित्राला बटणं सांभाळायला बसवा आणि तुम्ही पाठ करून बसा. सहा वेळा ऐका, दर वेळी कुठला आवडला ते लिहा. नाव विचारू नका.

७. हेच तीन आवाजांत करा: रात्रीचा, सरावाचा, बँडचा. तिसरा दुपारी, शेजाऱ्यांना सांगून.

८. त्यानंतरच लूपर काढून स्वतः वाजवा. हाताखाली अ‍ॅम्प कसा वाटतो, हळू छेडल्यावर शांत राहतो का आणि जोरात मारल्यावर उसळतो का, हे लूपरला कळत नाही.

गेल्या वर्षी मी प्रतापनगरातल्या एका मित्राचा व्हॉक्स एसी१५ असा दोन रात्री घरी ठेवला. माझ्या कागदावर "रात्री पातळ वाटतो" असं लिहिलेलं होतं. डोळे उघडे असताना मला व्हॉक्स खूपच आवडला, तो दिसायलाही देखणा. पाठ करून बसलो तर सहापैकी चार वेळा मी माझाच निवडला. चिठ्ठी पाहून बायको हसली. रविवारी सकाळी व्हॉक्स परत पोचवला.

सावधान: ट्यूब अ‍ॅम्प स्पीकर जोडल्याशिवाय सुरू करू नका. तुलनेच्या गडबडीत स्पीकरची वायर एकातून दुसऱ्यात घालताना हे हमखास होतं. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि मग अदलाबदलीचा प्रश्नच मिटतो. वायर हलवण्याआधी अ‍ॅम्प बंद.

## टप्पा ६: कसून तपासणी

आवाज पसंत पडला तरच इथे या. ही तपासणी गरम अ‍ॅम्पवर करा, सुरू करून अर्धा तास झाल्यावर. बरेचसे दोष थंड अ‍ॅम्पमध्ये झोपलेले असतात. "आधीच तापवून ठेवला" असं कुणी म्हणालं तर बंद करून पुन्हा थंडावस्थेतूनही सुरू करून पाहा, कारण काही दोष फक्त थंडीत जागे होतात.

गिटार न लावता सगळी बटणं हळू फिरवा. थोडी सळसळ चालते. ठाम, एकसुरी घूंऽऽ येत असेल आणि व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही जात नसेल, तर फिल्टर कपॅसिटर थकले असण्याची शक्यता मोठी. पंधरा-वीस वर्षांच्या अ‍ॅम्पमध्ये हे ठरलेलंच. अ‍ॅम्प त्यासाठी नाकारू नका, पण दुरुस्ती हिशेबात धरा.

लाइट बंद करून मागून ट्यूब पाहा. आतली नारिंगी वात दिसणं ठीक. बाहेरची राखाडी पट्टी लालबुंद होत असेल तर ताबडतोब बंद करा. निळसर छटा काचेजवळ दिसली तर घाबरायचं कारण नाही. मग पेन्सिलीच्या मागच्या टोकाने लहान ट्यूबांना हळूच टिचकी मारा. स्पीकरमधून टिंग असा घंटेसारखा आवाज घुमला तर ती ट्यूब मायक्रोफोनिक झाली, म्हणजे धक्का लागला की स्वतःच आवाज करते. एक १२एएक्स७ (लहान ट्यूबचा नेहमीचा प्रकार) बदलली की काम होतं, तेवढ्यावर भाव पाडता येतो.

स्प्रिंग रिव्हर्ब असेल तर तो वाढवून अ‍ॅम्प हलकेच हलवा. धडाड असा आवाज आला म्हणजे स्प्रिंग जिवंत आहेत. इफेक्ट्स लूप असेल तर सेंडमधून रिटर्नमध्ये छोटी केबल लावा. आवाज अचानक मोकळा झाला तर रिटर्नचा जॅक गंजलाय. ज्याला हा अ‍ॅम्प "मध्येच आवाज पाडतो" वाटत होता, त्याचा सगळा त्रास त्या जॅकचा असू शकतो. हे तुमच्या स्वतःच्या अ‍ॅम्पवरही करून पाहा, टप्पा २ मध्ये नसेल केलं तर.

स्पीकर: अ‍ॅम्प बंद ठेवून दोन्ही हातांच्या बोटांनी कोन (स्पीकरचा कागदी पडदा) सगळीकडून सारखा, अलगद आत दाबा. खरवडल्यासारखं लागलं तर कॉइल घासतेय. मग सुरू करून जाड ई तार एकटी वाजवा, आवाज हळूहळू चढवत. फडफड ऐका.

आणि वास घ्या. जळकट वास महिनोन्‌महिने टिकतो. मागची जाळी पाहा. नागपुरी अ‍ॅम्पमध्ये दोन खुणा शोधाव्या लागतात: कूलरसमोर ठेवलेल्याच्या ट्रान्सफॉर्मरवर आणि स्क्रूंवर गंज, आणि पावसाळाभर बंद खोलीत पडलेल्यात उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. एका कॉम्बोत मी टॉर्च मारला तर झुरळांचं अख्खं खटलं नांदत होतं. अ‍ॅम्प छान वाजत होता, पण घेतला नाही. बायकोला ते सांगणं जमलं नसतं.

मॉडेलिंग अ‍ॅम्प (वेगवेगळ्या अ‍ॅम्पचे आवाज डिजिटल पद्धतीने काढणारा) असेल तर वेगळी यादी: यूएसबीने लॅपटॉपला जोडला जातो का, कंपनीचं सॉफ्टवेअर आजच्या लॅपटॉपवर चालतं का, फॅक्टरी रीसेट करून पुन्हा सगळे आवाज येतात का. आधीच्या मालकाचे लाडके आवाज ऐकून निर्णय घेऊ नका.

## टप्पा ७: वर किती

"वर दहा हजार" हा आकडा आला कुठून, ते कुणी विचारत नाही. तीन आकडे लिहा. तुमचा अ‍ॅम्प आज रोख विकला तर किती येतील, त्यांचा रोख घेतला तर किती पडेल, आणि दोन्हींच्या दुरुस्तीला किती. मागितलेली नाही, प्रत्यक्ष सौदा झालेली किंमत धरा.

समजा तुमच्याला २२ हजार येतात, त्यांच्याची किंमत ३०, आणि त्याला पॉवर ट्यूब व जॅक मिळून ४ हजारांचं काम आहे. मग वर द्यायचे ४, दहा नाही. दुकानात बदलताना तुमच्या अ‍ॅम्पचे २२ ऐवजी १५-१६ धरले जातील. दुकानाला तो पुन्हा विकायचा आहे, ते रास्तच आहे. पण मग आधी स्वतः रोखीत विकून नंतर रोखीत घेणं जास्त परवडतं का, ते बघा. बहुतेक वेळा परवडतं, फक्त मधले दोन आठवडे अ‍ॅम्पविना काढावे लागतात.

चालवायचा खर्चही धरा. पॉवर ट्यूब जोडीने बदलतात, आणि फिक्स्ड बायसच्या अ‍ॅम्पमध्ये बदलल्यावर बायस (ट्यूबमधून किती प्रवाह वाहतो त्याची जुळणी) तपासून घ्यावा लागतो. ते काम करणारा माणूस तुमच्या ओळखीत आहे का? अदलाबदलीआधी त्याला फोन करा, "हे मॉडेल हाताळाल का" म्हणून. तो "पाठवा पुण्याला" म्हणाला तर तो खर्चही कागदावर.

## टप्पा ८: देणं-घेणं

एक रात्र जाऊ द्या. "आत्ताच न्या, दुसरा गिऱ्हाईक येऊन राहिला" असं ऐकलं तर येऊ द्या दुसऱ्याला.

साध्या कागदावर दोघांची नावं, दोन्ही अ‍ॅम्पचे मॉडेल आणि सिरियल नंबर, वरची रक्कम, आणि माहीत असलेले दोष. तुमच्या अ‍ॅम्पचे दोषही लिहा. सात दिवसांत परतीची मुदत ठेवा. मूळ बिल मागा. रक्कम यूपीआयने घेत असाल तर लक्षात ठेवा, पैसे घ्यायला कधीच पिन टाकावा लागत नाही. समोरचा क्यूआर पाठवून "स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील" म्हणाला तर फोन ठेवा.

न पाहता, बाहेरगावच्या माणसाशी ट्यूब अ‍ॅम्पची अदलाबदल मी करणार नाही. ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून पुण्याहून रात्रभर हादरत आलेल्या अ‍ॅम्पमध्ये फुटलेलं काय आणि आधीच तुटलेलं काय, हे कुणालाच सांगता येत नाही.

बंद केल्यावर १५-२० मिनिटं थंड होऊ द्या, मगच उचला. गरम ट्यूब धक्क्याने लवकर जातात. ऑटोत सीटवर उभा ठेवा, स्पीकरची बाजू पाठीच्या गादीला टेकवून, आणि एक हात त्यावर असू द्या. मे महिन्यात दुपारी गाडीच्या डिक्कीत ठेवून चहाला थांबू नका.

घरी आल्यावर सात दिवसांत टप्पा १ चा कागद काढा आणि ती ओळ वाचून वाजवा. एकदा रात्री, एकदा बँडसोबत. तक्रार तशीच असेल तर परत करा, लाजू नका. समोरच्यालाही तेवढेच सात दिवस आहेत. त्या आठवड्यात त्याचा फोन आला तर उचला.